‘फेलोशिप’ म्हणजे नेमकं काय? सरकारात बसून काम शिकवणाऱ्या योजनांची, गावाकडच्या पोरापोरींसाठी सविस्तर माहिती

पिपरी मेघे (ता. वर्धा), प्रतिनिधी :

मागच्या महिन्यात आमच्या गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. “मुख्यमंत्री फेलोशिप, महिना ६१ हजार, बारावी पास चालेल, खालच्या लिंकवर लगेच अर्ज करा.” दोन दिवसांत तो मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातल्या तिघांनी फोन करून विचारलं, “भाऊ, हे खरं हाय का?”

उत्तर असं की, योजना खरी आहे, मेसेज खोटा आहे. फेलोशिपला बारावी चालत नाही, पदवी लागते. अर्ज कोणत्याही लिंकवर होत नाही, सरकारी संकेतस्थळावरच होतो, आणि तोही जाहिरात निघाली तरच. पण एवढं सांगून भागत नाही, कारण बहुतेकांचा पुढचा प्रश्न असतो, “मंग हे फेलोशिप म्हणजे असते तरी काय?” म्हणून हा लेख.

नोकरी नाही, शिष्यवृत्तीही नाही

शिष्यवृत्ती मिळते ती शिकण्यासाठी. पगार मिळतो तो नोकरीचा. फेलोशिप या दोन्हीच्या मधली गोष्ट आहे. ठरावीक काळासाठी, बहुधा एक किंवा दोन वर्षांसाठी, पदवी झालेल्या तरुणाला एखाद्या सरकारी कार्यालयात, अधिकाऱ्यासोबत किंवा लोकप्रतिनिधीसोबत बसवतात. तो तिथं प्रत्यक्ष काम करतो आणि त्याला दर महिन्याला मानधन मिळतं. मुदत संपली की त्याचा रस्ता मोकळा. कायम करा असं म्हणायचा हक्क त्याला नसतो.

साधं उदाहरण घ्या. आपण नवीन गडी वावरात लावतो तेव्हा त्याला पुस्तक देत नाही. डवरणी करता करताच तो डवरणी शिकतो. फेलोशिपचं तसंच आहे. सरकार कसं चालतं, फाइल कुठून कुठं जाते, निधी कुठं अडकतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावरच ते दिसतं.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात तरुणांना असं वर्षभर कामाला घेण्याची योजना १९६४ पासून चालू आहे. आपल्या जिल्ह्याला तर हे नवीन वाटायचं कारणच नाही. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालायचं. विलायतेत हिशेबनीस झालेले आणि अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा तेव्हा मगनवाडीत येऊन राहिले आणि त्यांनी या संघाचा कारभार पाहिला. गावात काम करायला निघालेल्या तरुणांना इथं घाणी, कागद, मधमाशी असं हातानं शिकवलं जायचं. शिकलेल्या माणसानं गावाच्या प्रश्नावर हात घालून शिकावं, हा विचार वर्ध्याच्या मातीतलाच आहे.

मुख्यमंत्री फेलोशिप : अटी काय आहेत

राज्यात सगळ्यात जास्त चर्चा असते ती मुख्यमंत्री फेलोशिपची. २०१५ मध्ये ती सुरू झाली. पुढं सरकार बदललं तशी बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू झाली. नियोजन विभागाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत ती राबवली जाते. २०२५-२६ च्या जाहिरातीप्रमाणे मुख्य गोष्टी अशा :

• जागा : पूर्ण राज्यात ६०. यातल्या एक तृतीयांश महिलांसाठी.

• वय : अर्जाच्या शेवटच्या तारखेला किमान २१ आणि जास्तीत जास्त २६ वर्षं.

• शिक्षण : कोणत्याही शाखेची पदवी, किमान ६० टक्के गुणांसह.

• अनुभव : किमान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेलं असावं. पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिपही यात धरतात.

• भाषा : मराठी लिहिता, वाचता, बोलता येणं सक्तीचं. हिंदी आणि इंग्रजीचं ज्ञान, संगणक आणि इंटरनेट वापरता येणं गरजेचं.

• मुदत : १२ महिने.

• मानधन : महिना ५६,१०० रुपये आणि प्रवासासाठी ५,४०० रुपये, असे एकूण ६१,५०० रुपये.

• अर्जाचं शुल्क : ५०० रुपये.

हा ५६,१०० चा आकडा उगाच आलेला नाही. सातव्या वेतन आयोगात गट अ च्या अधिकाऱ्याचा सुरुवातीचा मूळ पगार तेवढाच आहे. फेलोचा दर्जाही गट अ च्या अधिकाऱ्याशी समकक्ष धरला जातो. म्हणजे कार्यालयात त्याला खुर्ची मिळते, बैठकीला बसता येतं, माहिती मागता येते. सही करायचा अधिकार मात्र नसतो.

निवड टप्प्याटप्प्यानं होते. आधी ऑनलाइन परीक्षा. त्यात सामान्य ज्ञान, तर्कशक्ती, इंग्रजी, संगणकाची माहिती आणि गणित असतं. त्यातून पहिले २१० जण पुढं जातात. त्यांना निबंध लिहून द्यावे लागतात आणि मग मुलाखत होते. शेवटी ६० निवडले जातात. वर्षभर काम करता करता आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

फेलो दिवसभर करतो काय?

हा प्रश्न मला आमच्या पारावर विचारला गेला. एक जण म्हणाला, “साहेबाची बॅग धरत असन!” तसं नाही.

समजा एखाद्या तालुक्यात घरकुलं मंजूर आहेत, पण पुरी होत नाहीत. कागदावर कारण एकच असतं, ‘लाभार्थ्याने काम सुरू केले नाही’. फेलो यादी घेऊन गावोगाव जातो. त्याला दिसतं की कोणाकडं जागेचा आठ-अ नाही, कोणाचा हप्ता बँक खातं आधारला जोडलं नाही म्हणून परत गेला, तर कोणाला वाळूच मिळत नाही. तीन कारणांची तीन वेगळी खाती. हे वेगळं करून साहेबांपुढं मांडलं की तोडगा निघायची शक्यता वाढते. असंच शाळेतली गळती, कुपोषण, पाणलोटाची कामं याबाबत. माहिती गोळा करायची, ती तपासायची, अडलेलं कुठं आहे ते शोधायचं, वेगवेगळ्या खात्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं, हे त्याचं काम.

आता विचार करा, हे काम कोणाला जास्त जमेल? मोठ्या शहरात वाढलेल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या पोराला, की ज्यानं स्वतःच्या बापासोबत तलाठ्याकडं, कृषी सहायकाकडं, बँकेत हेलपाटे घातले त्याला? सातबारा म्हणजे काय, हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण परीक्षेच्या आधीच आपली पोरं गळतात. कारण त्यांच्यापर्यंत माहितीच येत नाही.

माझ्याच घरची गोष्ट

हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. दोष माझा आहे.

२०२३ मध्ये फेलोशिपची जाहिरात निघाली तेव्हा प्रेसनोट माझ्याच मोबाइलवर आली होती. मी बातमीदार. हरभऱ्याच्या काढणीचे दिवस होते, गंजी लावायची होती. मी वरवर वाचली आणि मनात म्हटलं, हे आपल्या गावाकडच्यांचं काम नव्हे, मुंबई-पुण्याच्या पोरांचं आहे. बातमी लावली नाही.

माझी पुतणी तेव्हा २४ वर्षांची होती. बीएस्सीला ६८ टक्के. दीड वर्ष एका खासगी ठिकाणी नोकरी केलेली. वय, गुण, अनुभव, मराठी, सगळ्या अटीत बसत होती. ती त्याच घरात, मागच्या खोलीत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसली होती. मी तिला सांगितलंसुद्धा नाही.

२०२५ ची जाहिरात आली तेव्हा तिनंच कुठंतरी वाचली आणि माझ्याकडं आली. आम्ही दोघं मोबाइलवर अटी वाचत गेलो. पदवी, आहे. टक्के, आहेत. अनुभव, आहे. वय काढलं तर २६ वर्षं आणि वर काही महिने. ती काही बोलली नाही. “चला काका, चहा ठेवते” म्हणाली आणि उठून गेली.

निवड झालीच असती असं नाही. ६० जागांना राज्यभरातून अर्ज येतात. पण परीक्षेत नापास होणं वेगळं आणि परीक्षा आहे हेच न कळणं वेगळं. म्हणून यापुढं अशी कोणतीही जाहिरात आली तर ती मी लावणारच, मग कपाशीचा भाव त्या दिवशी काही का असेना.

‘लाडका भाऊ’ आणि फेलोशिप एक नव्हे

गावात या दोन्हींची फार गल्लत होते. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिलाच लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात. ती १८ ते ३५ वयाच्या, महाराष्ट्रात राहणाऱ्या तरुणांसाठी. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. आधी मुदत ६ महिने होती, २०२५ मध्ये ती ५ महिन्यांनी वाढवून ११ महिने केली. ग्रामपंचायत, शाळा, सरकारी कार्यालयं, खासगी कारखाने अशा ठिकाणी ही पोरं लागली.

तिथं गेलेल्यांचा अनुभव मिसळ आहे. काहींनी संगणकावर दाखले काढणं, नोंदी ठेवणं, कर वसुलीचं रजिस्टर लिहिणं शिकून घेतलं. काही नुसते बसून राहिले. मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थ्यांनी राज्यात आंदोलनंही केली. त्यांचं दुःख खरं आहे. घरात महिन्याला दहा हजार यायची सवय झाली आणि एका दिवशी ते बंद झाले, तर कोणालाही लागेल. पण म्हणूनच आधी कागद नीट वाचायचा. प्रशिक्षण असो की फेलोशिप, मुदत लिहिलेली असते आणि पुढची हमी लिहिलेली नसते.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. फेलोशिपला एक वर्षाचा अनुभव लागतो. युवा कार्य प्रशिक्षणाचे ११ महिने म्हणजे वर्ष नव्हे, एक महिना कमी पडतो. जिथं कुठं पूर्णवेळ काम कराल तिथून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेलं पत्र घेऊन ठेवा. आपली पोरं काम करतात, पण कागद घेत नाहीत, आणि ऐन वेळी तेच आडवं येतं.

दिल्लीची वाट : खासदारासोबत एक वर्ष

प्रशासनाऐवजी राजकारण आणि कायदे कसे होतात हे शिकायचं असेल तर ‘लॅम्प’ नावाची फेलोशिप आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था २०१० पासून ती चालवते. ही सरकारी संस्था नाही, ना नफा तत्त्वावरची आहे. निवडलेल्या तरुणाला एका खासदारासोबत जोडून देतात. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत तो त्यांच्यासाठी प्रश्न तयार करतो, विधेयकाचा अभ्यास करून टिपण काढतो, भाषणाची तयारी करून देतो.

यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय २५ च्या आत लागतं. मानधन दिल्लीत राहायला बेताचंच पुरतं. अर्ज आणि लेखन इंग्रजीत करावं लागतं, ही आपल्या मराठी माध्यमाच्या पोरांची खरी अडचण. बोलायची इंग्रजी नाही आली तरी एक वेळ चालून जातं. पण एक पान सरळ, चूक नसलेलं इंग्रजी लिहिता आलं पाहिजे. दोन वर्षं आधीपासून रोज अर्धा तास दिला तर ते जमण्यासारखं आहे.

याआधीच्या योजना काय सांगतात

केंद्र सरकारनं पंतप्रधान ग्रामीण विकास फेलोशिप काढली होती. २०१२ पासून नक्षलग्रस्त जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या मदतीला तरुण पाठवले गेले. आपल्या विदर्भातला गडचिरोली त्यात होता. राज्यात २०१७ च्या सुमारास ग्राम सामाजिक परिवर्तन अभियानात तरुण ‘ग्राम परिवर्तक’ म्हणून गावात राहून काम करू लागले. पुढं केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयानं महात्मा गांधी राष्ट्रीय फेलोशिप आणली, दोन वर्षांची. त्यात देशातल्या आयआयएम संस्था सामील होत्या, आयआयएम नागपूर त्यातलीच एक. पहिल्या वर्षी महिना ५० हजार, दुसऱ्या वर्षी ६० हजार असं मानधन होतं आणि जिल्ह्याचा कौशल्य आराखडा करायला मदत करणं हे काम.

यातून एकच शिकायचं. या योजना येतात, जातात, नाव बदलून पुन्हा येतात. सरकार बदललं की बंद पडतात. त्यामुळं एकाच योजनेवर आयुष्याचा डाव लावू नका. तयारी अशी करा की कोणतीही आली तरी आपण तयार असू. वाचन, लिहिणं, आकडे समजणं आणि अनुभवाचा कागद, या चार गोष्टी सगळीकडं लागतात.

नागपुरातली संधी

कॉलेजात राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेऊन एम.ए. करणाऱ्यांसाठी एक संधी तर अगदी जवळ आहे. दरवर्षी हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. त्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे राज्यातल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग होतो. मंत्री, विधिमंडळाचे पदाधिकारी, अभ्यासक येऊन बोलतात. लक्षवेधी म्हणजे काय, पुरवणी मागण्या कशाला म्हणतात, विधेयक कसं मंजूर होतं, हे सगळं ज्या इमारतीत घडतं तिथंच कळतं. विधानभवनातल्या प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचं नाव आहे. रोजगार हमी योजनेचे जनक तेच. १९७२ च्या दुष्काळात जी योजना हजारो घरांच्या चुली पेटवत राहिली, तिच्यापासूनच पुढं २००५ चा देशाचा कायदा झाला. गावातलं दुःख पाहिलेला माणूस सभागृहात बसला तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

वर्ध्याहून नागपूर रेल्वेनं दीड तासाच्या आसपास. आपल्या विभागप्रमुखांना दिवाळीच्या आधीच विचारून ठेवा.

पैसे नाहीत, जागा नाही, तरी शिकायचं कसं?

६० जागांत सगळे बसणार नाहीत हे उघड आहे. पण सरकार शिकायची एक शाळा प्रत्येक गावात आहे आणि तिला फी नाही. ती म्हणजे ग्रामपंचायत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरापोरींनी एवढं तरी करून पाहावं :

१) वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. चारही सभांना पूर्ण वेळ बसा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असेल तेवढे लागतात. ती होते का ते मोजा.

२) ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावानं गावाचा वार्षिक आराखडा तयार होतो. तो केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येतो. वित्त आयोगाचा निधी कशावर दाखवला आणि प्रत्यक्षात काय झालं, हे एका वहीत लिहा.

३) एकच प्रश्न धरा. नाली, अंगणवाडी, पाण्याची टाकी, काहीही. त्याची फाइल ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत, तिथून जिल्हा परिषदेत कशी जाते ते शेवटपर्यंत पाहा.

४) माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. भांडायला नाही, शिकायला करा. सचिवांशी आधी नीट बोला. निम्मी माहिती चहा पिता पिता मिळते.

५) हे सगळं दोन पानांत स्वच्छ मराठीत लिहा. मग तेच इंग्रजीत.

मुलाखतीत “तुम्ही आतापर्यंत काय केलं?” असा प्रश्न येतो तेव्हा बहुतेकांकडं सर्टिफिकेटं असतात. तुमच्याकडं गावाच्या नालीची खरी गोष्ट असेल. पिपरी मेघे तर यासाठी फारच चांगली जागा आहे. शहराला लागून, वस्ती वाढलेली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. रस्ते, पाणी, कचरा, नवीन लेआउट, सगळे प्रश्न शहराचे आणि साधनं गावाची. धोरण म्हणजे काय, हे इथं सकाळी फिरायला निघालं तरी दिसतं.

सावध राहा

• फेलोशिपची खरी जाहिरात अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या सरकारी संकेतस्थळावर येते. मेसेजमधल्या लिंकवर आधार क्रमांक, ओटीपी देऊ नका.

• ठरलेल्या शुल्काशिवाय कोणीही ‘सेटिंग’चे पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

• अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. पदवीची गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, अनुभवाचं पत्र आधीच स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा.

• घरच्यांना आधीच सांगा की हे एका वर्षाचं काम आहे. लग्नाच्या बोलणीत ‘पोरगा सरकारी नोकरीत’ म्हणून सांगू नका, पुढं त्रास होतो.

शेवटी आईबापांना एक विनंती. तुमच्या घरात २१ ते २५ वर्षांचं पदवी झालेलं पोरगं किंवा पोरगी असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा. त्यांना जमेल की नाही, हे आपण ठरवायचं नाही. मी एकदा ठरवून बसलो होतो. माझी पुतणी आता जाहिराती स्वतःच शोधते आणि गल्लीतल्या लहान पोरींना त्यांचं वय मोजून सांगते, “तुझ्याकडं अजून तीन वर्षं हायत, लाग कामाला.”